हातोडी सुटल्यानंतर

पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. त्यानंतर वाजवणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही. सूर त्या क्षणी सर्वांत भरदार असतो, तिथून तो उतरतच जातो. सतारीला मींड आहे, व्हायोलिनला गज आहे, गळ्याला श्वास आहे, पेटीला भाता आहे. आमच्याकडे यातलं काहीच नाही. पट्टी धरून ठेवता येते, पेडल दाबून सगळ्या तारा मोकळ्या ठेवता येतात, पण वाजून गेलेला सूर फुगवता येत नाही. तरीही शूबर्टची एखादी लांबलचक ओळ ऐकताना कुणीतरी गातंय असंच वाटतं. हे कसं होतं, याच्या मागे माझं बहुतेक आयुष्य गेलं. त्यातली सगळ्यात भरलेली वर्षं एका मुलीबरोबर गेली. तिच्याबद्दल लिहायचं आहे. पण मी तिला काय देऊ शकत होते हे कळायला माझा रस्ता थोडा सांगावा लागेल.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. घरात पियानो असण्याचा प्रश्नच नव्हता. पण चालत धोबीतलावला गेलं की वेगळी मुंबई सुरू व्हायची. गोव्याहून आलेल्या दर्यावर्दींच्या आणि वादकांच्या कूडी, म्हणजे सामायिक वसतिगृहं, जेर महालची इमारत, फुर्तादोसचं वाद्यांचं दुकान, त्यात मांडलेली स्वरलिपीची पुस्तकं. माझ्या पहिल्या टीचर त्याच भागात राहायच्या, मूळच्या गोव्यातल्या सासष्टीच्या. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर सोल्फा, म्हणजे डो-रे-मीची सरगम, आणि व्हायोलिन शिकवत. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत पुढे नाव काढलेले कितीतरी गोवेकर वादक तिथूनच तयार झाले. टीचरचे वडीलही त्याच शाळेतले. टीचर शिकवायच्या इंग्रजीत, पण मी घाईने पुढे पळाले की कोकणी बाहेर यायची, "आयक गो, आयक!" हातांकडे बघू नकोस, ऐक. त्यांच्याकडे एक जुना उभा पियानो होता. पावसाळ्यात त्याच्या पोटात एक छोटा बल्ब पेटता ठेवायच्या, म्हणजे आतली हवा कोरडी राहील आणि पट्ट्या अडकणार नाहीत. मुंबईत पियानो जगवणं ही स्वतंत्र विद्या आहे. जून लागला की साउंडबोर्डचं, म्हणजे तारांखालच्या फळीचं, लाकूड फुगतं, सूर चढतो. थंडीत हवा कोरडी झाली की उतरतो. तारांना गंज चढतो. हातोड्यांच्या फेल्टला कसर लागते. चांगला ट्यूनर हाताशी नसेल तर महागातला महाग पियानो इथे काही वर्षांत मरतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी बुडापेस्टला लिस्ट संगीत अकादमीत गेले. ही संस्था 1875 सालची, आणि आज उभी असलेली इमारत 1907 ची. त्याच वर्षी संगीतकार बार्तोक तिथे पियानो शिकवायला लागले. मी होते तेव्हा संगीतकार ग्यॉर्गी कुर्ताग तिथे चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत, शिकवत होते, आणि त्यांच्या वर्गातून बाहेर पडणारी मुलं दोन ओळींवरच सगळा तास गेल्याचं सांगत असत. आपल्याकडे घराणं सांगतात तसं तिथे गुरुपरंपरा सांगतात. बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी, चेर्नीचा लिस्ट, लिस्टचा इश्तवान तोमान, तोमानचा बार्तोक. लिस्ट शिष्यांकडून फी घेत नसत, हेही तिथे अभिमानाने सांगितलं जाई. त्यांच्या राहत्या घरात आता संग्रहालय आहे. तिथे त्यांचं लिहिण्याचं टेबल आहे, त्याच्या खणात तीन सप्तकांची पट्टी बसवलेली. मी त्या टेबलासमोर बराच वेळ उभी राहत असे.

परत आल्यावर मी मैफली केल्या. मुंबई, पुणे, कोलकाता, बंगळूर, चेन्नई, पणजी, अधूनमधून युरोपात. पियानोवादकाच्या आयुष्यातली एक गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. तबलजी आपला तबला घेऊन जातो, व्हायोलिनवादक आपलं व्हायोलिन. आम्ही रिकाम्या हातांनी जातो आणि जिथे जो पियानो असेल त्याच्याशी दोन-तीन तासांत ओळख करून घेतो. मैफलीचा मोठा स्टाइनवे पावणेतीन मीटर लांब आणि जवळपास पाचशे किलोंचा असतो, तो कोण कुठे नेणार? आधी मी पट्ट्या हलक्या हाताने वरपासून खालपर्यंत तपासायची. कुठली सावकाश परत येते, कुठली खणखणते, पेडल कुरकुरतं का, मधल्या सप्तकात आवाज कोरडा आहे की ओला. मग त्या वाद्याला जे जमतं त्याप्रमाणे माझा वेग, माझं पेडल बदलायची. एका शहरात मोझार्टच्या डी मायनर कॉन्चेर्तोच्या, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायच्या रचनेच्या, आदल्या दिवशी वरच्या सप्तकातला एक सूर उठायलाच तयार नव्हता. ट्यूनर मिळेना. मी तो सूर सोडून दुसऱ्या वळणाने कॅडेन्झा, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबल्यावर एकट्याने वाजवायचा भाग, वाजवली. या कॉन्चेर्तोला मोझार्टची स्वतःची कॅडेन्झा उरलेली नाही, बेथोव्हेनने लिहिलेली आहे. पण त्या संध्याकाळी मी स्वतःचीच केली होती, म्हणून निभावलं. 1785 मध्ये हा कॉन्चेर्तो व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला तेव्हा नक्कल करणारा अजून पानं उतरवतच होता, असं मोझार्टच्या वडिलांनी मुलीला लिहिलंय. ते आठवून मला नेहमी धीर आलेला आहे.

लग्नानंतर मी पुण्यात, कॅम्पात राहायला आले. पुण्याची हवा पियानोला मानवते. मझदा हॉलमधल्या माझ्या एका मैफलीनंतर एक वृद्ध गृहस्थ भेटायला आले, सोबत नऊ वर्षांची नात. ते संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. नाटकवाले त्यांना मास्तर म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. ते म्हणाले, "बाई, हिला माझ्यापाशी जेवढं होतं तेवढं येतं. हिला या वाद्याकडे जायचंय."

पुढच्या आठवड्यात ती घरी आली. काय वाजवतेस असं मी विचारायच्या आत तिने डाव्या हाताशी एक खालची पट्टी दाबली आणि धरून ठेवली. पियानोचा खालचा सूर बराच वेळ टिकतो. ती मान तिरकी करून, तो पूर्ण नाहीसा होईपर्यंत बसून राहिली. मग वरची एक पट्टी दाबली. ती क्षणात संपली. पुन्हा खालची. आजोबांच्या ऑर्गनवर पाय चालतोय तोवर सूर हलत नाही. तिने जन्मापासून तेच ऐकलेलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हा आपणहून संपतो?" मी हो म्हटलं. "मग पुढचा सूर कधी लावायचा?"

मी शेकडो मुलांना शिकवलंय. बहुतेकांचा पहिला प्रश्न कुठल्या बोटाने वाजवायचं हा असतो. पुढचा सूर मागच्या सुराच्या उरलेल्या आवाजाला धरून लावायचा असतो, मागचा जितका उतरलाय तितक्याच हलकेपणाने पुढचा आला तर कानाला जोड दिसत नाही, हे मला स्वतःला बुडापेस्टमध्ये कळलं होतं. ही मुलगी तो प्रश्न सोबत घेऊनच आली होती.

पण हात मात्र पियानोचे नव्हते. ऑर्गनची पट्टी हलकी दाबा की जोरात, आवाज तोच. त्यामुळे तिचं प्रत्येक बोट सारखंच पडायचं. पियानोची पट्टी साधारण पन्नास ग्रॅम वजनाने खाली जाते आणि जेमतेम सेंटीमीटरभर खोल असते. सगळं गाणं त्या सेंटीमीटरमध्ये. पट्टी किती वेगाने खाली जाते यावर हातोडीचा वेग ठरतो, आणि हातोडीच्या वेगावर आवाज. म्हणून खांद्यापासून हात सैल सोडून त्याचं वजन बोटाच्या टोकापर्यंत आणायला शिकवावं लागलं. सुरुवातीचे महिने मी तिला पाच बोटांच्या पाठांत अडकवलं नाही. कुर्तागने 1973 पासून लहान मुलांसाठी 'यातेकोक' नावाने छोटे तुकडे लिहायला घेतले. त्यांत मूल पहिल्याच दिवशी तळव्याने, मुठीने, कोपरापर्यंतच्या हाताने सगळा पियानो पालथा घालतं. ती हसत हसत त्या टोकापासून या टोकापर्यंत जायची. त्या खेळात हात सैल झाला, मग बोटं आली.

नंतर बाखची इन्व्हेन्शन्स. बाखने 1723 साली ही पंधरा छोट्या दोन-आवाजी रचनांची मालिका नीट उतरवली, आणि वर हेतू लिहून ठेवला, की शिकणाऱ्याने दोन आवाज स्वच्छ वाजवावेत आणि सर्वांत मुख्य म्हणजे गातं वाजवावं. पहिली सी मेजरमधली, बावीस मापांची. मी तिला एक आवाज वाजवायला आणि दुसरा गायला सांगितला. ती सरगमने गायली, सी म्हणजे सा. सुरुवात छान गेली. मग तीव्र मध्यम आला आणि ती थबकली. पुन्हा गायली, पुन्हा थबकली. सातव्या मापाशी पोचल्यावर एकदम ओरडली, "सा हलला! पंचम सा झाला!" खरोखर तिथे बाख जी मेजरमध्ये जाऊन बसलेला असतो. आपल्या संगीतात सा हा पाया. तंबोऱ्यावर तो एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तोच. पाश्चात्त्य संगीताचं सगळं नाट्य या पायाच्या हलण्यात आहे, आणि ते तिने सरगम गाताना स्वतः पकडलं. पुढे कोमल धैवत दिसल्यावर तिने मला विचारलंही नाही. "आता धैवत सा होणार," म्हणाली. झालाच, ए मायनर.

हंगेरीत संगीतकार कोडाईच्या पद्धतीत मुलांना असंच सरकतं डो शिकवतात, जी पट्टी असेल तिचा आधारसूर डो. आपल्या सा सारखंच. सरगमवर वाढलेल्या मुलाला पाश्चात्त्य संगीत अवघड जातं असं बोललं जातं. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

तिच्या घरी पियानो नव्हता. ती आजोबांच्या ऑर्गनवर बोटं पक्की करायची आणि दुपारी सदाशिव पेठेतून बसने कॅम्पात येऊन माझ्याकडे रियाज करायची. मग घरच्यांनी पै-पै साठवून एक जुना जपानी उभा पियानो घेतला. वाड्याचा जिना अरुंद, वळणाचा. पियानो सव्वादोनशे किलोंच्या घरात. हमालांनी गॅलरीचा कठडा काढून, दोर लावून तो रस्त्यावरून वर चढवला. खाली सगळी आळी जमली होती. वर पोचल्यावर त्यांच्यातला मोठा हमाल म्हणाला, "आता वाजवा की काहीतरी!" तिने घामाघूम झालेल्या त्या चौघांसाठी सुराबाहेर गेलेल्या त्या पियानोवर बाख वाजवला. त्यांनी तो उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकला.

परीक्षांबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी पालकांना तोंडावर सांगते. आपल्याकडे आठ ग्रेड म्हणजे शिक्षण असा समज झालाय. प्रत्येक ग्रेडला तीन तुकडे. तेवढेच वर्षभर घोटले तर आठवी ग्रेड पास झालेल्या मुलाने आयुष्यात चोवीस तुकडे वाजवलेले असतात. पियानोच्या वाङ्मयाचा हा एक थेंबही नव्हे. तिला मी मोजक्याच परीक्षांना बसवलं, कारण पुढे अर्ज करताना कागद लागतात. दीडशेपैकी एकशेतीस किंवा जास्त मिळाले की डिस्टिंक्शन. ते तिला सहज मिळायचं. पण आमच्या तासाला त्याचा विषय निघत नसे. आम्ही वाचायचो. रोज नवीन काहीतरी, थांबत, अडखळत, एकत्र. हाइडन, शूमान, बार्तोकचे 'मिक्रोकॉस्मॉस'चे भाग.

आणि शूबर्टची एफ मायनर फँटसी, चार हातांसाठीची. एका पियानोवर दोघं शेजारी बसून वाजवतात, कोपराला कोपर लागतो. शूबर्ट दोन उन्हाळे एस्टरहाझी घराण्यातल्या मुलींना शिकवायला झेलिझला गेला होता, तेव्हा ते हंगेरीत होतं. त्यातली धाकटी कारोलिना. 1828 साली, मृत्यूच्या वर्षी, त्याने ही फँटसी तिला अर्पण केली. गुरूने शिष्येसाठी लिहिलेली रचना आम्ही दोघी वाजवत होतो. ती वरच्या बाजूला, मी खाली. पेडल खालच्या वादकाने सांभाळायचं अशी रीत आहे. तिची सुरावट सुरू व्हायची, एकच सूर पुन्हापुन्हा, मग चौथ्यावर उडी, आणि माझ्या हातांखाली संथ लाटा. अशा वेळी मी शिक्षक नसायची. मैफलींत मला कित्येक चांगले साथीदार मिळाले, पण शेजारच्या माणसाचा श्वास ऐकून आपला हात किती खाली जाईल हे ठरवणं मी त्या मुलीबरोबर सगळ्यात जास्त अनुभवलंय. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती.

तिचा हात लहान. पियानोचं सप्तक साडेसोळा सेंटीमीटर रुंद असतं. ते ती जेमतेम धरायची, त्यापलीकडचं तिला ताणावं लागायचं. पट्टीची ही रुंदी मोठ्या हाताच्या पुरुषांना सोयीची आहे, हे प्रत्येक पियानो वाजवणाऱ्या बाईला माहीत आहे. म्हणून काही रचना आम्ही बाजूला ठेवल्या. रखमानिनॉफ वाजवलाच पाहिजे असं काही नाही. दुखावलेलं मनगट घेऊन फिरणारी गुणी मुलं मी बघितली आहेत, तिला मला त्यांच्यात बसवायचं नव्हतं.

सोळाव्या वर्षी तिने स्वतः सांगितलं, की तिला बुडापेस्टला जायचंय. मग तयारी सुरू झाली. कार्यक्रम आम्ही असा ठरवला: बाखचा सी शार्प मायनर प्रील्यूड आणि फ्यूग, शोपांचं एक एत्यूद, बार्तोकच्या 'मोकळ्या हवेत'मधलं रात्रीचं संगीत, आणि बेथोव्हेनचा सोनाटा, ओपस 110.

फ्यूग म्हणजे एकच विषय वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येणारी रचना; हा पाच आवाजांचा आहे. विषय पाच सुरांचा. सी शार्प म्हणजे आपली काळी एक. तो सा धरला तर सा, खालचा शुद्ध नी, तिथून उडी घेऊन कोमल गंधार, शुद्ध रिषभ, सा. तिने तो घरी ऑर्गनवर वाजवला तेव्हा मास्तर आतल्या खोलीतून बाहेर आले. "पिलू कोण वाजवतंय?" पिलू रागातली नी-गंधाराची जागा त्यांच्या कानात बसलेली. बाखला पिलू ठाऊक नव्हता, पण त्या पाच सुरांतली कळ मास्तरांनी बरोबर ओळखली. पुढचे कित्येक महिने ती पाचही आवाज एकेक करून गायली. मधला तिसरा आवाज सगळ्यात अवघड, कारण तो दोन हातांत वाटला गेलेला असतो. अंगठा सोडतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा उचलतो. तो पाठ झाल्याशिवाय मी पुढे जाऊ दिलं नाही.

पाठांतराची आमची रीत सांगते, कारण रंगमंचावर विसरण्याच्या भीतीने चांगली चांगली मुलं कोसळतात. बोटांची आठवण पहिल्यांदा दगा देते. म्हणून डावा हात एकटा, पाठ. मग पियानोपासून दूर खुर्चीत बसून, डोळे मिटून, मनात सगळं, बोटं न हलवता. मी मध्येच माप सांगायची, तिथून उचलायचं. शेवटी कोऱ्या कागदावर लिहून काढायचं. जे लिहिता आलं ते पाठ आहे, बाकीची नुसती सवय.

बार्तोक तिला सोपा गेला. रात्रीच्या संगीतात रातकिडे आहेत, बेडूक आहेत, दूरवरून येणारं एक गाणं आहे. "हे तर आमच्या गावाकडचं," म्हणाली, आणि तसंच वाजवलं.

सगळा जीव गेला तो ओपस 110 मध्ये. हस्तलिखितावर 25 डिसेंबर 1821 ही तारीख आहे. बेथोव्हेन तेव्हा ठार बहिरा होत आलेला. तिसऱ्या भागात गाणारी व्यक्ती बोलायला लागल्यासारखा एक तुकडा येतो आणि त्यात एकच सूर पुन्हापुन्हा, जोडून, चौथं बोट मग तिसरं. तो सूर फुगला पाहिजे आणि पुन्हा विरला पाहिजे, अशी खूण लिहिलेली आहे. पियानोवर सूर फुगत नाही. हे बेथोव्हेनला माहीत नव्हतं का? त्याने ते मुद्दाम मागितलंय. ती कितीतरी दिवस त्या एका ओळीवर अडली. वाजवायची सगळं बरोबर, पण ठोके ऐकू यायचे.

मी तिला म्हटलं, घरी जा आणि हेच आजोबांच्या ऑर्गनवर वाजव. मास्तरांना बोलाव. ऑर्गनला पायाचा भाता असतो; पायाचा दाब वाढवला की सूर फुगतो, सैल केला की विरतो. नटाने तान घेतली की तिच्यामागे सूर कसा भरायचा आणि तो श्वास घेईल तेव्हा कसं मागे सरकायचं, यात मास्तरांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी पायाने तो सूर फुगवून दाखवला, पुन्हा पुन्हा. ती शेजारी बसून ऐकत राहिली. मग ती माझ्याकडे आली, पियानोवर बसली, आणि पहिल्यांदाच तो सूर श्वास घेतल्यासारखा वर आला. बोटांत मोठा बदल दिसत नव्हता. काय ऐकायचंय हे तिच्या कानाला आधी कळलं होतं, आणि हात त्यामागे गेला.

याच भागात शोकगीत दोनदा येतं. पहिल्यांदा ए फ्लॅट मायनरमध्ये, म्हणजे काळी चार. मग फ्यूग येतो, उभारी येते, आणि ती मोडते. शोकगीत परत येतं, पण अर्धा सूर खाली, जी मायनरमध्ये, पांढरी पाच. ओळ ठिकठिकाणी तुटलेली, मध्ये विराम. वर लिहिलंय, थकून. अर्धाच सूर खाली का, या प्रश्नाला मी आजवर हार्मनीच्या भाषेत उत्तर देत आले होते. मास्तर त्या दिवशी माझ्या घरी आले होते. त्यांनी दोन्ही ऐकलं आणि म्हणाले, "बाई, नट थकला की पट्टी उतरवून घेतो. काळी चारवर पहिला अंक काढला, शेवटच्या अंकात पांढरी पाच मागतो. आम्ही खुणेनेच ओळखायचो." तिने मान डोलावली आणि लगेच पुन्हा वाजवायला घेतलं. त्यानंतर त्या दुसऱ्या शोकगीताबद्दल मला तिला काहीही सांगावं लागलं नाही.

त्याच्या शेवटी जी मेजरचा एकच स्वरसमूह दहा वेळा येतो, हळू, मग वाढत वाढत. डावं पेडल दाबलेलं असतं. त्याने हातोड्या बाजूला सरकतात आणि कमी तारांवर पडतात, सगळ्या तारा पुढे फ्यूगमध्ये हळूहळू खुल्या होतात. त्यावर पुन्हा फ्यूग, पण विषय उलटा केलेला, आणि शेजारी सूचना, थोडं थोडं करत पुन्हा जिवंत होत. हे दहा ठोके तिने प्रत्येक पियानोवर वेगळे वाजवलेत. माझ्या घरच्या पियानोवर नवव्याला थांबल्यासारखी व्हायची. मझदा हॉलमध्ये, जाण्याआधीच्या मैफलीत, ती थांबलीच नाही, सरळ वर गेली. श्रोत्यांत बसून मी माझ्या गुडघ्यावर पेडलचा पाय दाबत होते.

वसंतात मी तिच्यासोबत बुडापेस्टला गेले. परीक्षेच्या वेळी शिक्षकाने आत जायचं नसतं. मी बाहेर चौकात, लिस्टच्या पुतळ्याजवळ बसले. आत तिने काय वाजवलं ते मी ऐकलेलं नाही. बाहेर आल्यावर तिने पहिली बातमी दिली ती पियानोची. "ताई, वरचं सप्तक फार चमकतं तिथलं. मी एत्यूदमध्ये पेडल अर्धंच केलं." अनोळखी वाद्याशी पहिल्या काही मिनिटांतच तिने जमवून घेतलं होतं. निकाल नंतर आला. तिला घेतलं होतं. मास्तरांना फोन मीच केला. ते बराच वेळ बोलू शकले नाहीत, मग म्हणाले, "तिच्या खोलीत पियानो असेल ना हो, तिथे?"

आता ती तिथलं शिक्षण पूर्ण करून तिथेच राहते, चेंबर म्युझिक वाजवते, लहान मुलांना शिकवते. मुलांना पहिल्या दिवशी एकच खालची पट्टी दाबून ती संपेपर्यंत ऐकायला लावते, असं मध्यंतरी तिने कळवलं. तिच्या रेकॉर्डिंग येतात. त्यांवर आमचं तासन्‌तास बोलणं होतं, आणि आता निम्म्या वेळा तीच माझ्या बोटांचे क्रमांक बदलून पाठवते. माझ्या उजव्या हाताला हल्ली संधिवात आहे. मोठ्या मैफली मी थांबवल्या आहेत, शिकवणं चालू आहे.

येत्या डिसेंबरात ती पुण्यात येतेय. मझदा हॉलमध्ये आम्ही दोघी शूबर्टची फँटसी वाजवणार आहोत, या वेळी मी वर आणि ती खाली. तिचं म्हणणं, माझ्या बोटांना तेच बरं पडेल. खालच्या बाजूला जड स्वरसमूह फार आहेत. मला पटलंय. पेडलवर मात्र अजून एकमत झालेलं नाही. ती म्हणते रीत आहे ती आहे, पेडल खाली बसणाऱ्याचं. मी म्हणते, शेवटच्या पानावर, फ्यूग मोडून पहिली सुरावट परत येते, तेवढ्या पानापुरतं ते माझ्याकडे दे. काल तिने त्या पानाचे दोन्ही प्रकार रेकॉर्ड करून पाठवलेत. मास्तरांनी आणि मी ते लागोपाठ ऐकले, आणि मास्तर तिच्या बाजूने आहेत.